पूरक बांधकाम

खिडकी क्रमांक दोन माझी.
एक नंबरला पाण्याची बिलं आणि कुत्र्यांचे परवाने,
तीन नंबर बजेटमध्ये गेली.
सहा महिने थांब म्हणायची मला गरजच पडत नाही,
सुपीरियर सरोवराच्या काठावर
सहा महिने बर्फच असतो.

आर्वो निस्कानेन आला तेव्हा मार्च सरत आला होता.
त्याने टोपी काढून काउंटरवर ठेवली, ती ठिबकायला लागली.
काखेत नकाशा:
वाणसामानाच्या कागदी पिशवीची पाठ,
सुताराच्या चपट्या पेन्सिलीने काढलेली खोली,
आठ फूट बाय बारा, एक धुराडं, एक चिमुकली खिडकी,
आणि शेजारी, कुणी विचारलं नसताना,
बर्चचं झाड, पानांसकट.

प्रमाण काय घेतलंय? मी विचारलं.
सगळं प्रमाणात आहे, तो म्हणाला.
झाड जरा मोठं झालंय.

रकाना सात: बांधकामाचा उपयोग.
राहण्यासाठी, गॅरेज, साठवण, इतर.
त्याने इतरवर खूण केली.
इतर म्हणजे?
सॉना, तो म्हणाला. आणि मग
टोपीकडे बघत, टोपीलाच सांगितल्यासारखं:
माझी आई असल्याच खोलीत जन्मली.
आजोबांना शेवटची आंघोळ तिथेच घातली.
मी लिहिलं: पूरक बांधकाम.
फी पंच्याऐंशी डॉलर, चेक चालेल.

अडचण हद्दीची होती.
नियम सहा फुटांचा,
त्याचे भरत होते चार फूट आठ इंच.
सरकवा की थोडं, म्हटलं.
तो बर्चवर बोट ठेवून उभा राहिला.
म्हणजे सुनावणी. म्हणजे तीनशे फुटांतल्या सगळ्यांना पत्रं.
म्हणजे पलीकडच्या ओडेट थिबोलाही.

बांधावरची भांडणं कुठे नसतात?
इथे बांध दिसत नाही, एवढंच.
तो नकाशात असतो, आणि जानेवारीत
कुणाच्या फावड्यातलं बर्फ कुठे पडतं त्यात.
नऊ वर्षं ती दोघं बोललेली नव्हती.
हे कुठल्याच फायलीत नाही,
तरी टपाल वाटणाऱ्यालासुद्धा माहीत आहे.

एप्रिलअखेर, बाहेर अजून भुरभुर.
पाच सभासद, संपलेली कॉफी.
ओडेट उभी राहिली, लाल लोकरी हातमोजे न काढताच.
आता ही खोडा घालणार,
मी पेनाचं टोपण काढून बसले.
ती म्हणाली, छपराचा उतार माझ्याकडे नको.
आणि खाली बसली.

आर्वो पुढे आला, कानामागची पेन्सिल काढली,
पाच जणांच्या देखत वाकून
छप्पर फिरवलं.
खोडरबर कुणाकडेच नव्हतं.
जुना उतार नव्याच्या खालून दिसत राहिला.
मंजूर, पाच विरुद्ध शून्य.

नारिंगी कार्ड दिलं, खिडकीत लावा म्हटलं.
खिडकी अजून बांधायचीय, तो म्हणाला.
घराच्या हो, घराच्या.

मग वर्षभर काही नाही.
मोतीबिंदू काढला, लाकूड महागलं, असं कानावर आलं.
मुदत बारा महिन्यांची.
काम सुरू नाही झालं तर कागद वाया, पुन्हा पंच्याऐंशी.
मी फोन उचलला होता एकदा.
ठेवला.
त्याला लावला की मग सगळ्यांनाच लावावा लागतो.

एक दिवस उरलेला असताना
त्याची नात फोटो घेऊन आली.
काम सुरू झाल्याचा पुरावा: एक खड्डा.
बेचाळीस इंच खोल, जमीन गोठते त्याच्याही खाली,
अगदी नियमाप्रमाणे.
आत बसून पट्टीचं टोक तळाशी धरलेला आर्वो,
त्याची फक्त टोपी दिसते.
वर, काठावर, आकड्याजवळ
पट्टी ताणून धरलेला
एक लाल हातमोजा.

हे कोण? मी विचारलं.
नातीने खांदे उडवले, तिला शाळेला उशीर होत होता.

मी शिक्का उचलला.
पहिला फिका उठला.
दुसऱ्यांदा दाबून मारला.